बिघडायचे तर कोणत्या बाजूने?

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरात ठेवणाऱ्याला पैशापेक्षा स्थैर्य महाग पडते. गोड्या पाण्यातला गोल्डफिश दोन-चार दिवसांचे दुर्लक्ष बहुधा पचवतो. समुद्री मासे आणि प्रवाळ यांच्याकडे ती सवलत नसते. तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस, खारेपणा हजारात ३५ भाग, पीएच ८ च्या आसपास, लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम हे सगळे त्यांना एकाच वेळी आणि रोजच्या रोज लागते. समुद्रात एवढे अफाट पाणी असते की कोणताही बदल हळूहळूच होतो. दिवाणखान्यातल्या टाकीत २००-३०० लिटर असते, त्यामुळे चूक झाली की तासाभरात दिसते. म्हणून या हौसेत इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आला: एक छोटा संगणक, पाण्यात सोडलेले तापमानाचे आणि पीएचचे प्रोब, आणि हीटर, चिलर, पंप, दिवे ज्याला जोडायचे ती हुकमी सॉकेटची पट्टी. कॅलिफोर्नियातील नेप्च्यून सिस्टिम्सचा ‘एपेक्स’ आणि जर्मनीतील कायझरस्लाउटर्नच्या जीएचएल कंपनीचा ‘प्रोफिलक्स’ ही यातली जुनी, नावाजलेली नावे. अलीकडचा ‘हायड्रोस’ एकाच मेंदूवर सगळा भार न टाकता काम अनेक छोट्या डब्यांत वाटून देतो. दुसऱ्या टोकाला रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा, फुकट मिळणारा ‘रीफ-पाय’ आहे, आणि ज्याला फक्त हीटर सांभाळायचा त्याच्यासाठी इंकबर्डसारखे साधे, स्वस्त तापमान-नियंत्रकही आहेत.

नवा हौशी विचारतो, यातला भरवशाचा कोणता? प्रश्न रास्त असला तरी अपुरा आहे. कोणते यंत्र कमी वेळा बिघडते हे आपण विचारतो; बिघडल्यावर ते टाकी कोणत्या स्थितीत सोडून जाते हे विचारत नाही. माशांचे जगणे-मरणे बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, आणि ते उत्तर कंपनीच्या नावलौकिकात सापडत नाही.

आधी नावलौकिकाचेच पाहू. एखाद्या कंट्रोलरविषयी शंभर तक्रारी ऐकू आल्या आणि दुसऱ्याविषयी पाच, तर पहिला वाईट असे मन लगेच ठरवून टाकते. पण पहिला किती घरांत चालू आहे आणि दुसरा किती, हा छेद कोणीच देत नाही. जो सर्वाधिक खपतो त्याच्याच तक्रारी सर्वाधिक कानावर येणार. शिवाय ज्याचे यंत्र निमूटपणे चालते तो गप्प असतो आणि ज्याच्या टाकीतले मासे गेले तो बोलतो. स्तुतीचीही तीच गत. कौतुक लिहिले जाते ते बहुधा खोके उघडल्यावर पहिल्या महिनाभरात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बिघाडांचा आलेख मात्र सुरुवातीला उंच, मग बरीच वर्षे सपाट आणि शेवटी पुन्हा चढता असतो. सुरुवातीचे दोष वॉरंटीत निघून जातात. वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेचे संपर्क झिजणे, खाऱ्या दमट हवेने जोडण्या गंजणे हे पुढे सुरू होते, आणि तोवर कौतुक करणारा नव्या मॉडेलकडे वळलेला असतो. नाव कमावलेले असते जुन्या मॉडेलने आणि खोक्यात येते नवे मॉडेल, नवे सर्किट आणि नवे सॉफ्टवेअर घेऊन. यात भर म्हणजे शेकडो डॉलर मोजलेला माणूस आपल्या खरेदीचा वकील होतो. हा काही मत्स्यालयवाल्यांचाच दोष नाही. मोटारसायकल घेणाऱ्यांचे बोलणे ऐकावे.

दोषही पुष्कळदा भलत्याच्याच माथी बसतो. पीएचचा प्रोब म्हणजे काचेची नाजूक इलेक्ट्रोड. २५ अंशांना पीएच एका एककाने बदलला, तर तिच्यातून मिळणारा विद्युतदाब जेमतेम ५९ मिलिव्होल्टने बदलतो. म्हणजे पडद्यावर पीएच ०.१ ने उतरला असे दिसते, तेव्हा प्रत्यक्षात सहा मिलिव्होल्टचा फरक पडलेला असतो. ही इलेक्ट्रोड साधारण वर्ष-दोन वर्षांत म्हातारी होते आणि मधल्या काळात ७ आणि १० पीएचच्या द्रावणात बुडवून तिला पुन्हा ताळ्यावर आणावे लागते. पाण्यातल्या एखाद्या जुन्या पंपाचे इन्सुलेशन फाटून विजेची किंचित गळती झाली, तरी आकडा वेडावाकडा नाचू लागतो. मालक म्हणतो कंट्रोलर खोटे बोलतो; कंट्रोलर तर जे ऐकले तेच सांगत असतो. पडद्यावर दशांशानंतर दोन आकडे दिसले म्हणजे मोजमाप तितके अचूक झाले, हा गैरसमज या हौसेत अनेकांना महागात पडला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. हीटरचे उदाहरण घेऊ. ३०० लिटर पाण्यात ३०० वॉटचा हीटर चालू अवस्थेत अडकला, तर बाहेर जाणारी उष्णता न धरता पाणी तासाला सुमारे ०.९ अंशाने तापते. खोली २० अंशांची असेल आणि उष्णतेची गळतीही हिशेबात घेतली, तरी रात्री अकराला २६ अंशांवर असलेली टाकी सकाळी सहाला ३० च्या घरात पोहोचते आणि पुढे चढतच राहते. तोच हीटर बंद अवस्थेत अडकला, तर तेवढ्याच रात्रीत पाणी दोनेक अंशांनी उतरेल. बिघाड एकच, बाजू दोन आणि परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक. दुर्दैवाने रिले अनेकदा नको त्या बाजूनेच बिघडतो. दर वेळी चालू-बंद होताना संपर्कांत ठिणगी पडते, धातू वितळतो आणि एक दिवस दोन्ही टोके एकमेकांना डाक दिल्यासारखी चिकटतात. मग संगणकाने ‘बंद’ म्हटले, पडद्यावरही ‘बंद’ दिसले, तरी वीज वाहतच राहते. हीटरच्या काचेतला स्वतःचा थर्मोस्टॅटही असाच चिकटतो. पंपाचे मात्र नेमके उलटे असते. २५-२६ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसहा-सात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पाणी हलायचे थांबले की भरलेल्या टाकीतले मासे काही तासांत पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात. म्हणजे हीटरने बिघडायचे तर बंद होऊन बिघडावे आणि पंपाने चालू राहून. दोघांनाही एकच नियम लावणारा कंट्रोलर कितीही नावाजलेला असो, एकाला वाचवताना दुसऱ्याला मारणार.

प्रोब बंद पडला तर काय, हा त्याहून सूक्ष्म प्रश्न. घरगुती बनावटीच्या कंट्रोलरमध्ये डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर सर्रास वापरतात. स्वस्त आणि चांगला आहे, अर्ध्या अंशाच्या आतबाहेर अचूकही आहे. पण त्याला नुकतीच वीज मिळालेली असेल आणि त्याने अजून मोजमापच केले नसेल, तर तो ८५ अंश हा आकडा देतो, कारण कारखान्यातूनच तसे ठरवून आलेले असते. त्याची वायर तुटली, तर आर्ड्विनो या छोट्या सर्किट-बोर्डवर चालणारी प्रचलित प्रणाली उणे १२७ हा आकडा परत करते. हा आकडा म्हणजे ‘सेन्सर सापडत नाही’ अशी खूण आहे. कार्यक्रम लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल आणि त्याने ‘पाणी २५ च्या खाली गेले की हीटर लाव’ एवढेच लिहिले असेल, तर उंदराने वायर कुरतडल्याबरोबर हीटर कायमचा लागतो. कारण उणे १२७ हे २५ पेक्षा खालीच आहे. कार्यक्रम तंतोतंत सांगितल्याप्रमाणे चालला, आणि टाकी शिजली. अशक्य आकडा आला तर त्यावर विश्वास ठेवू नको, ही एक ओळ जिथे लिहिलेली असते ते यंत्र भरवशाचे. ती ओळ बाहेरून दिसत नाही. पण तपासता येते, त्याविषयी शेवटी.

चांगल्या रचनेत हा विचार आधीच केलेला असतो. एपेक्समध्ये प्रत्येक सॉकेटसाठी ‘फॉलबॅक’ ठरवता येतो: मुख्य संगणकाशी संपर्क तुटला, तर हे सॉकेट चालू राहावे की बंद व्हावे. तो निर्णय पट्टीच्या स्वतःच्या स्मृतीत असतो, त्यामुळे मेंदू मेला तरी हात काय करायचे ते जाणतात. मात्र तो ठरवायचा असतो मालकाने, आणि उत्साहाच्या भरात दिव्यांचे सूर्योदय-सूर्यास्त सजवणारे अनेकजण ही ओळ जशीच्या तशी सोडून देतात. बाष्पीभवनाने घटलेले पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रांत जर्मन कंपनी टुन्झेचा ‘ऑस्मोलेटर’ वर्षानुवर्षे टिकून आहे, त्याचे कारणही रचनेत आहे. त्याचा मुख्य सेन्सर प्रकाशावर चालतो. त्याच्या वर बसवलेला दुसरा, तरंगणाऱ्या गोळ्याचा. आणि दोघेही फसले तरी पंप दहा मिनिटांहून अधिक सलग चालला की यंत्र स्वतःच तो थांबवते. तीन पहारेकरी, तिघांचे तत्त्व वेगळे. प्रेशर कुकरमध्येही वाफेच्या दाबाने उचलली जाणारी शिट्टी एक आणि उष्णतेने वितळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह दुसराच असतो, तो यासाठीच. दोन शिट्ट्या लावल्या असत्या, तर दोन्ही एकाच डाळीच्या फेसाने तुंबल्या असत्या.

हे तत्त्व कागदावर मांडून पाहिले की त्याची ताकद कळते. समजा एक थर्मोस्टॅट वर्षभरात चालू अवस्थेत अडकण्याची शक्यता ५० त १ आहे. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २७ वर ठेवला, त्याआधी कंट्रोलर २६ वर ठेवला, आणि दोघांचे बिघाड परस्परांशी निगडित नसतील, तर दोन्ही एकदम अडकण्याची शक्यता २५०० त १ होते. चाळीस डॉलरच्या आसपास मिळणारा साधा नियंत्रक आणि चांगला हीटर अशी जोडी एकट्या महागड्या कंट्रोलरला मागे टाकते ती अशी. ‘परस्परांशी निगडित नसतील’ ही अट मात्र विसरायची नाही. टायटॅनियमच्या काही हीटरमध्ये थर्मोस्टॅटच नसतो. असा हीटर पूर्णपणे कंट्रोलरच्या भरवशावर असतो. अशा वेळी दुसरा पहारेकरी मुद्दाम आणून उभा करावा लागतो. काही पहारेकऱ्यांना तर वीजही लागत नाही. पाणी भरण्याची राखीव टाकी २५ लिटरची ठेवली आणि सगळी चुकून ३०० लिटरमध्ये रिकामी झाली, तर खारेपणा ३५ वरून ३२ च्या आसपास येतो. प्रवाळांना त्रास होईल, मासे बहुधा तरतील. तीच राखीव टाकी रोजच्या फेऱ्या वाचवायला १०० लिटरची ठेवली, तर खारेपणा २६ वर घसरतो. त्या राखीव पाण्यात चुना मिसळायची रीत असेल, जी अनेकांची असते, तर गोष्ट आणखी गंभीर: संपृक्त चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, आणि ती भसाभस ओतली गेली की टाकीतले कॅल्शियम पांढऱ्या भुकटीच्या रूपात खाली बसते. छोटे पिंप हे इथले सर्वांत स्वस्त आणि कधीही न बिघडणारे सुरक्षा-उपकरण आहे.

इंटरनेटचा प्रश्न वेगळा, आणि जाहिरातींत त्याची नेमकी उलटी बाजू दिसते. मोबाइलवर टाकीचा आलेख पाहणे सुखाचे आहे. पण निर्णय घरात होतो की दूरच्या सर्व्हरवर, हे विचारायला हवे. २०१६ च्या जुलैत अमेरिकेतील पेटनेट कंपनीच्या इंटरनेटवर चालणाऱ्या अन्नपात्रांचा सर्व्हर बंद पडला आणि कुत्र्या-मांजरांना हाताने खाऊ घाला असे ग्राहकांना सांगावे लागले; २०२० मध्ये तीच नामुष्की पुन्हा ओढवली. त्याच २०१६ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, एका सॉफ्टवेअर अपडेटमुळे नेस्ट थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या उतरल्या आणि अनेक घरे गार पडली. ही दोन्ही उपकरणे स्वस्त नव्हती आणि दोन्हींची कीर्ती चांगली होती. एपेक्स आणि प्रोफिलक्स आपला कार्यक्रम घरातल्या डब्यातच चालवतात, इंटरनेट गेले तरी नियंत्रण सुटत नाही, हे त्यांच्या बाजूने मोजायला हवे. धोक्याची सूचना मात्र इंटरनेटवरूनच येते, आणि वीज गेली की आधी घरातला वायफाय जातो. म्हणून ‘संकट आले तर कळव’ यापेक्षा ‘तुझा निरोप यायचा थांबला तर सर्व्हरने मला कळवावे’ अशी सोय हवी. शांतता हीच सूचना मानणारी ही सोय काही कंपन्या देतात. खरेदीच्या वेळी ती क्वचितच कोणी विचारतो.

आपल्याकडे या चर्चेला वेगळा रंग चढतो. मिनेसोटातल्या हौशाला हीटर झोपू देत नाही. मुंबई-कोकणात हीटर वर्षाचे बरेच महिने खोक्यातच राहतो आणि सगळी मदार चिलरवर असते. चिलर म्हणजे कॉम्प्रेसर, आणि तो बंद झाल्यावर आतला दाब उतरायला काही मिनिटे लागतात. लगेच चालू केला तर मोटर अडते, तापते. वीज क्षणभर गेली किंवा घर इन्व्हर्टरवर वळताना निमिषभराचा खंड पडला, तर कंट्रोलर नव्याने सुरू होतो. कार्यक्रमात ‘पाच मिनिटे थांबूनच चिलर लाव’ असे लिहिलेले नसेल, तर असा प्रत्येक खंड कॉम्प्रेसरचे आयुष्य कमी करतो. रास्पबेरी पायवरच्या बनावटीत तर अचानक वीज गेल्याने मेमरी कार्डच खराब होण्याचा धोका असतो. छोटा यूपीएस तिथे चैन ठरत नाही. अमेरिकेतून कोणाकरवी मागवलेली १२० व्होल्टची सॉकेट-पट्टी आपल्या २३० व्होल्टला लावायची नसते, हे सांगायला नको, तरी सांगावे लागते. आणि प्रवाळांना भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. ‘कोरल मिळेल’ असे कुजबुजणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहिलेले बरे.

यावर जुने जाणकार म्हणतात, हे सगळे थोतांड आहे. यंत्र जितके कमी तितके बरे. त्यांच्याकडे पुरावाही आहे. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली, तेव्हा त्यांच्या टाक्यांत समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे याखेरीज फारसे काही नव्हते, तरी प्रवाळ जगत होते. पण जकार्ताची हवा त्यांच्यासाठी हीटर आणि थर्मोस्टॅट दोन्हींचे काम करत होती आणि समुद्र जवळ होता. शिकागोच्या जानेवारीत किंवा नागपूरच्या मे महिन्यात ही पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही. शिवाय ‘कंट्रोलर नाही’ असे म्हणणाऱ्याच्या हीटरमध्येही एक कंट्रोलर असतोच, फक्त तो एकटा असतो आणि अडकला तर कोणाला सांगत नाही. दुसरी बाजू म्हणते, माणूसही चुकतो, झोपतो, गावाला जातो. कंट्रोलर थकत नाही. हे खरेच आहे, आणि म्हणूनच मी कंट्रोलरच्या विरोधात नाही. महाग यंत्राचा फायदाही मानतो: चांगले प्रोब, सुटे भाग, आणि दहा वर्षांनीही सॉफ्टवेअर सुधारणारी कंपनी. काहीजण प्रमाणपत्रांकडे बोट दाखवतात. घरगुती विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०३३५ या मानकमालिकेत मत्स्यालयाच्या उपकरणांसाठी २-५५ असा स्वतंत्र भाग आहे, आणि ते मानक पाळणारी वस्तू घ्यावीच. पण ते मानक माणसाला धक्का बसू नये, घराला आग लागू नये यासाठी आहे. टाकीतले पाणी ३४ अंशांवर गेले तर त्या मानकाचा भंग होत नाही.

तेव्हा कंट्रोलर घेतलात तर मासे आणण्याआधी, टाकीत नुसते खारे पाणी असताना, एक संध्याकाळ त्यासाठी राखा. तापमानाचा प्रोब कंट्रोलरमधून उपसा आणि हीटर बंद होतो का पाहा. सॉकेटची पट्टी आणि मुख्य डबा यांच्यातली वायर काढा. पंप चालू राहतो का आणि पाणी भरणारा पंप थांबतो का, ते पाहा. मेन स्विच दोनदा पटापट चालू-बंद करा आणि चिलर लगेच धावतो की थांबून सुरू होतो ते घड्याळ लावून मोजा. राउटर बंद करून फोनवर निरोप येतो का, याची वाट पाहा. यातल्या एकाही परीक्षेत यंत्र नापास झाले आणि सेटिंग बदलूनही सुधारले नाही, तर त्यावर नाव कोणाचेही असो, ते दुकानात परत करा.